स्क्रू कुठे आहेत?

रविवारी रात्री साडेनऊच्या सुमारास बेल वाजली की मी आधी स्वयंपाकघरातला खालचा कप्पा उघडते आणि मग दार. दारात वरच्या मजल्यावरचे बाबा असतात, नाहीतर समोरच्या इमारतीतली आई. "काकू, एखादी रिकामी बाटली आहे का हो? आणि जुन्या सीड्या? उद्या शाळेत टाकाऊतून टिकाऊ आहे, आणि आमच्या बाईसाहेबांना आत्ता आठवलं." मागच्या खेपेला माझ्याकडे बाटली नव्हती. ते बाबा तसेच खाली गेले आणि थंड पेयाची दोन लिटरची बाटली विकत घेऊन आले. अर्धी घरच्यांनी प्यायली, अर्धी बेसिनमध्ये ओतली. मग नव्या कोऱ्या आइस्क्रीमच्या काड्यांचं पाकीट, चमकी, ग्लू गनच्या कांड्या आणि थर्माकोलचा तुकडा घेऊन रात्री बारापर्यंत त्यांनी पेनं ठेवायचं भांडं केलं. बाईसाहेब झोपल्या होत्या. भांड्याला दुसरा नंबर मिळाला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा.

आठवडाभरानं ते भांडं मला सोसायटीच्या सुक्या कचऱ्याच्या पिंपात दिसलं. गंमत अशी, की साधी रिकामी बाटली भंगारात विकली गेली असती. गोंद, चमकी आणि थर्माकोल चिकटलेली बाटली कुणी घेत नाही. टिकाऊ करायच्या नादात आपण कामाची वस्तू टाकाऊ करून ठेवली.

मला हसायचा अधिकार नाही खरं तर. सव्वीस वर्षं मी शाळेत कार्यानुभव शिकवला आणि असल्या स्पर्धांचे निकाल माझ्याच सहीनं लागले. सुबक दिसेल त्याला पहिला नंबर, असा आमचा सरळ हिशेब. हे कुणी केलं, कशातून केलं, उद्या याचं काय होणार, असं एकाही मुलाला मी विचारलं नाही. निवृत्त झाल्यावर सुचलं. शहाणपण बहुधा पेन्शनबरोबरच सुरू होतं.

आणि सुचायला हवं होतं, कारण याच पुण्यात, विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या, मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता अनेक वर्षं कचऱ्यातून खेळणी करत होते. आयआयटी कानपूरचे इंजिनियर. टेल्कोत नोकरीला असताना १९७८ मध्ये रजा काढून ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि गावच्या बाजारात जे मिळेल त्यातून विज्ञान शिकवायला लागले. सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब बोटाच्या पेराएवढी कापायची, तिच्या दोन्ही तोंडांत एकेक आगकाडी खुपसायची, झाला सांधा. अशा तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि दाबून बघा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा, लगेच कलंडतो. मग मूल आपणहून वर बघतं आणि विचारतं, पत्र्याच्या शेडच्या कैच्या, रेल्वेचा पूल, विजेचा मनोरा, सगळीकडे त्रिकोणच का दिसतात? या खेळण्याला माझ्या स्पर्धेत उत्तेजनार्थही मिळालं नसतं. दिसायला काहीच नाही, आणि संध्याकाळपर्यंत मोडूनही गेलेलं. गुप्तांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मला मनातल्या मनात जरा ओशाळल्यासारखं झालं.

तर आई-बाबांनो, स्पर्धेचं राहू द्या. मला तुमच्याशी बोलायचंय ते एका वाक्याबद्दल. घरात एखादी वस्तू बंद पडते, फुटते, उसवते, तेव्हा मोठ्यांच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघतं? आमच्या लहानपणी ते असायचं, "कुणी मोडलं?" आता असतं, "जाऊ दे, नवीन मागवू." पहिल्यात धाक होता, दुसऱ्यात लाड आहेत. पण दोन्ही वेळा त्या बिचाऱ्या वस्तूकडे कुणी बघितलेलंच नसतं. "काय झालंय, बघू या" असं म्हणणारी घरं तेव्हाही थोडी होती आणि आजही थोडीच आहेत. आमचं त्यातलं नव्हतं.

माझ्या मुलानं सहावीत असताना गजराचं घड्याळ उघडलं. किल्लीचं, माझ्या सासऱ्यांचं. पुन्हा जोडल्यावर एक स्क्रू आणि एक इवलीशी चकती उरली, आणि घड्याळ गप्प. मी त्याला खूप बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण त्याला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. घड्याळ पेठेतल्या घड्याळजींनी दोन दिवसांत चालू करून दिलं. मुलानं मात्र त्यानंतर काही उघडलं नाही. आज तो बंगळुरात संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि नळ ठिबकायला लागला की मोबाइलवरून माणूस बोलावतो. माणूस पाच मिनिटांत वॉशर बदलतो आणि नुसत्या येण्याचे तीनशे रुपये घेऊन जातो. वॉशर दहा रुपयांचा. फोनवर तो मला हे हसत सांगतो, मीही हसते.

तुम्हाला दुरुस्ती येत नसेल. मलाही कुठे येत होती? निवृत्तीनंतर मी शिकले ते एवढंच, की वस्तू टाकण्याआधी ती उलटी करून बघायची. आमच्या सोसायटीत एक मिक्सर भंगारात निघाला होता. चटणी वाटता वाटता बंद पडला, म्हणून नवीनही आला होता. मी जुना उलटा केला, बुडाशी एक लाल बटण होतं, ते दाबलं आणि मिक्सर सुरू. जास्त ताण पडला की मोटर जळू नये म्हणून ते बटण आपोआप बाहेर येतं, पुन्हा आत दाबायचं असतं. बरोबरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, पण ती पुस्तिका आपण खोक्यासकट टाकून देतो. मिक्सरची मोटर फिरतेय आणि भांड्यातलं पातं फिरत नाहीये, तर बहुतेक वेळा खालचा कपलर झिजलेला असतो. कुकरची शिट्टी होत नाही आणि कडेनं वाफ जाते, तर रिंग सैल झालीय. छताचा पंखा नुसता हूं हूं करतो आणि काठीनं पातं ढकललं की फिरायला लागतो, तर कंडेन्सर गेलाय. (पुस्तकात त्याला कपॅसिटर म्हणतात, पण दुकानात कंडेन्सरच मागा.) काडेपेटीएवढी वस्तू, शंभराच्या आतबाहेर किंमत. मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियन तो बदलत असेल तेव्हा मुलाला दुसऱ्या खोलीत अभ्यासाला पिटाळू नका. शिडी धरायला उभं करा. दहा मिनिटांत जे शिकायला मिळेल ते विज्ञानाच्या पुस्तकातल्या अख्ख्या धड्यात मिळणार नाही.

उघडायचं म्हणजे कसं, तेही सांगते, कारण आमच्या घड्याळाचं गणित तिथेच चुकलं. आधी प्लग काढायचा, सेल काढायचे. एका कोऱ्या कागदावर वस्तूचं ओबडधोबड चित्र काढायचं. जो स्क्रू जिथून निघेल तो चित्रात तिथेच चिकटपट्टीनं लावायचा. दर टप्प्याला मोबाइलवर फोटो. बस, एवढंच. सहावीतल्या मुलाच्या हातात कुणी हा एक कागद दिला असता तर चकती उरली नसती.

काही गोष्टी मात्र उघडायच्या नाहीत, आणि तिथे मी कडक आहे. मायक्रोवेव्ह कधीच नाही. प्लग काढल्यावरसुद्धा त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज साठलेली असू शकते. मोबाइलची फुगलेली बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही, कचऱ्यातही टाकायची नाही. चेपली गेली तर पेट घेते, आणि कचऱ्याच्या गाडीत सगळं चेपलंच जातं. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, त्या फोडायच्या नाहीत. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर त्याच कंपनीचा, त्याच मापाचा आणायचा. तिथे जुगाड करणाऱ्याचं मला कौतुक नाही.

आता खरी गोष्ट. वस्तू बिघडल्यावर ती दुरुस्त होईल की नाही, हे बरंचसं ती घेतानाच ठरलेलं असतं. म्हणून दुकानात माझा एक ठरलेला चाळा आहे. पुडा पुढून बघायचा नाही, वस्तू हातात घेऊन उलटी करायची आणि स्क्रू शोधायचे. स्क्रू दिसले तर ती उघडते. उघडते तर कधीतरी सुधारेल. सांधे नुसते डिंकानं चिकटवलेले असतील तर ती वस्तू बिघडली की संपली. नातवाबरोबर खेळण्यांच्या दुकानात गेले की हा खेळ आम्ही दोघं खेळतो. "आजी, हिला चार स्क्रू!" असं तो दुकानभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडतो. विक्रेत्या मुलीला वाटतं, म्हातारी वेडी आहे. बिनतारी इअरफोन हे याचं सगळ्यात वाईट उदाहरण. आतली चिमुकली बॅटरी दोनतीन वर्षांत दमते आणि ती बदलता येईल अशी सोयच बहुतेकांत नसते. जुन्या वायरच्या इअरफोनची वायर पिनपाशी तुटायची, मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर ती डाग देऊन जोडून मिळायची. आठवी-नववीतल्या मुलाला नको म्हणून तुम्ही थांबवू शकणार नाही, ते मला माहीत आहे. निदान घेण्याआधी हे त्याला सांगा, आणि मग त्याला ठरवू द्या.

फ्रान्समध्ये हे स्क्रू मोजायचं काम सरकारनंच अंगावर घेतलं. २०२१ मध्ये तिथे वॉशिंग मशीन, लॅपटॉप, मोबाइल अशा काही वस्तूंवर दहापैकी गुण छापणं सक्तीचं झालं: ही सहज उघडते का, सुटे भाग मिळतात का, ते किती महाग पडतात. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. पण पोर्टल असलं तरी सहा वर्षांपूर्वीच्या वस्तूचा सुटा भाग "येत नाही हो आता" हे वाक्य मी एका नामांकित सेवा केंद्रात गेल्याच वर्षी ऐकलंय. खोटं कशाला सांगू, कधी कधी दुरुस्ती म्हणजे नाकापेक्षा मोती जड होतो. सातशेच्या किटलीला साडेचारशेचा खर्च सांगितला तेव्हा मी निमूट नवीन किटली घेतली. तीही मुलांसमोरच घ्या आणि हिशेब मोठ्यानं करा. जुनी किटली का टाकतोय हे त्यांना कळलं पाहिजे. टाकणं पाप आहे असं घोकवलेलं मूल पुढे एक तर घर अडगळीनं भरतं, नाहीतर चोरून टाकायला शिकतं. माझी एक चुलत सासू रिकामे डबे जपता जपता पलंगाखाली झुरळांचं साम्राज्य सोडून गेली.

"आमच्या वेळी कसं सगळं जपून वापरायचे!" हे मी मुलांना म्हणत नाही. तुम्हीही म्हणू नका, ते अर्धसत्य आहे. आमच्या वाड्यात वर्षातून दोनदा कल्हईवाला यायचा. जमिनीत छोटा खड्डा, त्यात कोळसे, बाजूला भाता. पितळेचं पातेलं तापलं की नवसागराची पूड टाकायचा, पांढरा धूर उठायचा आणि नाक झोंबायचं. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं तो अशी काही झर्रकन फिरवायचा की पिवळं पातेलं आतून चांदीसारखं लखलखायचं. पाण्यात बुडवल्यावर येणारा चर्र आवाज ऐकायला आम्ही पोरं जेवण टाकून धावायचो. सुंदर होतं. पण त्या माणसाला प्यायला पाणी आमच्या घरातल्या पेल्यातून कधी मिळालं नाही. वरून ओंजळीत ओतायचे. चपला शिवणारे, भांड्यांना डाग देणारे, गाद्या पिंजणारे, जात्याला टाकी लावणारे, सगळे उंबऱ्याच्या बाहेर. आणि घरातली दुरुस्ती, म्हणजे ठिगळं, रफू, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, ती बायकांच्या डोळ्यांवर आणि बोटांवर. जुन्या काळात वस्तूंना मान होता. त्या जोडणाऱ्या हातांना नव्हता.

म्हणून एक विनंती करते. चपलेचा अंगठा शिवायला नाक्यावर जाल तेव्हा मुलाला बरोबर न्या, आणि काका चाळीस म्हणाले तर चाळीस द्या. मॉलमध्ये छापील किमतीला आपण तोंड उघडत नाही, आणि इथे मुलाच्या देखत "वीसमध्ये करा हो" म्हणतो. त्या वीस रुपयांत मूल काय शिकतं याचा विचार करा. छत्री मेअखेरीसच दुरुस्तीला द्या, जूनच्या पहिल्या सरीनंतर ते काकाही तुम्हाला ओळखणार नाहीत. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण अजून आमच्या गल्लीत येते. तिच्याशी घासाघीस हा मात्र दोन्ही बाजूंचा खेळ असतो आणि त्यात ती कायम जिंकते, तेव्हा तिथे माझा उपदेश नाही.

२००९ मध्ये मार्टिन पोस्टमा नावाच्या डच पत्रकार बाईंनी ॲम्स्टरडॅममध्ये पहिलं 'रिपेअर कॅफे' भरवलं. बिघडलेली वस्तू घेऊन या, जाणकार शेजारी बसेल, दोघं मिळून सुधारा. ही कल्पना मग जगभर गेली. आपल्या प्रत्येक नाक्यावर जे होतं ते मोडीत काढून परदेशातून नव्या नावानं आणायचं, असं मी आधी नाक मुरडलं. पण फरक आहे. नाक्यावर आपण वस्तू ठेवून निघून जायचो, इथे शेजारी बसायचं आहे. मग आम्हीही महिन्याच्या शेवटच्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये टेबल मांडायला लागलो. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका आहेत, एक शिवणकाम करणाऱ्या ताई, आणि मी चहाला. निम्म्या वस्तू सुधारतात, निम्म्या नाही. न सुधारलेल्या आतून बघायलाही मुलांची झुंबड असते. इस्त्रीच्या पोटात काय असतं हे पाहिलेली सात वर्षांची मुलगी इस्त्रीपासून आपणहून लांब राहते, हा अनपेक्षित फायदा.

एवढं करूनही घरात कचरा होणारच. त्याबद्दल मला एकच सांगायचंय, तो कुठे जातो हे मुलांना दाखवा. त्यासाठी कुठे लांब जायला नको, सकाळी दारात येणाऱ्या ताईंना विचारा. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. डॉ. बाबा आढाव तिच्या पाठीशी होते. उकिरड्यावर वेचणाऱ्या बायकांना कामगार म्हणून ओळखपत्र मिळावं, इथून ती लढाई सुरू झाली. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही त्यांची स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था झाली. तीन हजारांहून जास्त सभासद, त्यात बहुतेक बायका. आमच्याकडे येणाऱ्या ताईंना नातवानं विचारलं, "मावशी, आमच्या घरातलं काय काय विकलं जातं?" त्यांनी त्याला पायऱ्यांवर बसवून डबा उपसून दाखवला. पुठ्ठा जातो. वह्या, रद्दी जाते. पत्र्याचे डबे, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या जातात. पिझ्झाचा तेलकट खोका जात नाही. चिप्सची पाकिटं जात नाहीत, कारण प्लास्टिकवर धातूचा पातळ थर चढवलेला असतो आणि तो वेगळा करणं कुणाला परवडत नाही. शँपूच्या पुड्या, थर्माकोल, नाही. "तू चिप्स कमी खा, म्हणजे मला ओझं कमी," त्या म्हणाल्या. मी हेच चार वर्षं सांगत होते, आरोग्याच्या नावाखाली. त्यांचं कारण त्याला पटलं.

त्यांनीच मला एक शिकवलं. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. थोडा लटकता ठेवा. तो नखाएवढा त्रिकोण कुणाच्या हाती लागत नाही, गटारात जातो. पिशवी धुऊन वाळवून दिली तर विकली जाते, सडलेल्या दुधाचा वासही त्यांच्या नशिबी येत नाही. फुटलेली काच, ब्लेड, सुई वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळून वर मोठ्या अक्षरांत 'काच' लिहायचं. हे लिहायचं काम नुकतं लिहायला शिकलेल्या मुलाचं. त्यानं उलटा 'च' काढला तरी चालेल, ताईंना कळतो.

डायपरबद्दल बोलायचं टाळत होते, कारण रात्री तीन वेळा उठणाऱ्या आईला शहाणपण शिकवणारी सासू मला व्हायचं नाही. प्रवासात, रात्री, आजारपणात वापरा. पण दिवसाचे पाच धरले तर वर्षाचे अठराशेच्या वर होतात, आणि उघड्यावर पडलेला एकेक कुणाच्या तरी हाताखालून जातो. दिवसा घरात जुन्या धोतराचे किंवा मऊ साडीचे लंगोट बांधून बघा. सॅनिटरी पॅडचंही तेच. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळं द्यायचं, म्हणजे उघडून बघायची वेळ त्या बायकांवर येत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत तर पॅड आणि डायपर बनवणाऱ्यांनी टाकण्यासाठीचं वेष्टण सोबत द्यावं असंही म्हटलं होतं. घरात वयात आलेली मुलगी असेल तर हा ठिपका तिला आईनं शिकवावा. आणि मुलगा असेल तर त्यालाही माहीत असावा, कारण कचऱ्याचा डबा दारात नेऊन ठेवायचं काम त्याचं असावं.

कचरा वेगळा केला नाही तर काय होतं, ते पुणेकरांना सांगायला नको. वर्षानुवर्षं आपला न वेगळा केलेला कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी गेला. त्यांच्या विहिरींचं पाणी नासलं. २०१७ च्या एप्रिलमध्ये तिथल्या कचरा डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, तेव्हा शहरातल्या रस्त्यांवर कचरा साचत गेला आणि आपल्याला वास आला. त्यांना तो कित्येक वर्षं येत होता. त्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत ओला कचरा जिरवायची पहिली टोपली आली, नाक धरून. टोपलीबद्दल मी लांबण लावत नाही. वास आला तर पाणी जास्त झालंय, फाडलेला पुठ्ठा किंवा वाळका पाला घाला. अळ्या झाल्या तर घाबरू नका, त्या चावत नाहीत आणि खत लवकर करतात. मुलांना त्या फार आवडतात. आयांना नाही, आणि त्यांना कुणी दोष देऊ नये.

आता परीक्षा संपतील. वह्यांचा गठ्ठा रद्दीत द्यायच्या आधी दुपारभर बसा. कोरी पानं एकीकडे, पाठकोरी एकीकडे. दाभणानं भोकं पाडून जाड दोऱ्यानं शिवली, वर जुन्या कॅलेंडरचं पान चढवलं की वही तयार. माझ्या आईची वाणसामानाची यादी आयुष्यभर पाठकोऱ्या कागदावर असायची. लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला तूरडाळ दोन किलो. कुणाची लेक कधी दिली हे आम्हाला तिच्या याद्यांवरूनच पाठ होतं.

गेल्या दिवाळीत नातू आला तेव्हा त्याला माळ्यावर माझी जुनी टॉर्च सापडली. पितळी, लांबुडकी, तीन सेलची. लागेना. आतले सेल फुटून पांढरी भुकटी बाहेर आली होती. मी हातमोजे चढवून ती पुसली, मग त्यानं स्प्रिंगवर पॉलिश पेपर घासला, नवे सेल घातले. लागली नाही. बल्ब बदलला. नाही. बटणाखालची पट्टी गंजून तुटली असावी असं एसटीवाल्या काकांचं मत पडलं, पण बटण निघेना. सुट्टी संपली. त्याचे वडील, म्हणजे घड्याळवाले, दोन दिवस बाजूला उभे राहून बघत होते. निघायच्या सकाळी पाहिलं तर दात घासून झाल्यावर तेच चष्मा कपाळावर चढवून, टॉर्च उजेडात धरून बटणाच्या कडेनं नेलकटरचं टोक फिरवत होते. गाडीची वेळ झाली म्हणून सूनबाईंनी उठवलं.

परवा नातवाचा फोन आला. "आजी, तू टॉर्च दुरुस्त नाही ना केलीस? करू नकोस हं. बाबा म्हणतात आम्ही मेमध्ये येतोय, तोवर तशीच उघडी ठेव." तिचे तुकडे आणि चित्रावर चिकटवलेले स्क्रू स्टीलच्या डब्यात घालून मी तो टेबलाच्या कोपऱ्यात ठेवलाय. घर आवरायला येणाऱ्या ताईंना सांगून ठेवलंय, पसारा दिसला तरी याला हात लावू नका.